घरच्या छोट्या लेथसाठी कटिंग टूल्स कशी निवडावीत

घरी पहिला लेथ, म्हणजे फिरत्या धातूच्या तुकड्याला टूलने कापून आकार देणारे यंत्र, आल्यावर टूल कोणते घ्यावे, हा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा उत्तर मिळते ते कारखान्यात काय वापरतात याचे. कारखान्यातील लेथ दीड-दोन टन वजनाचा असतो आणि त्याची मोटर पाच-सात अश्वशक्तीची असते, तर आपल्या टेबलावरील लेथचे वजन चाळीस ते शंभर किलोच्या दरम्यान असते आणि मोटर अर्ध्या-पाऊण अश्वशक्तीची असते. त्यामुळे तिथे योग्य असलेले टूल इथे योग्य ठरेलच असे नाही. छोट्या लेथची खरी उणीव ताकदीइतकीच ताठपणाची असते. टूलवर जोर आला की टूल सरकवणारी स्लाइड, टूल धरणारा टूल पोस्ट, जॉब फिरवणारा स्पिंडल आणि जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, हे सारे केसभर का होईना, पण वाकते. म्हणून घरच्या लेथसाठी टूल निवडताना ते किती कठीण आहे यापेक्षा ते किती कमी जोरात कापते, हे आधी पाहिले पाहिजे.

हा फरक आकड्यांत पाहण्यासारखा आहे. माइल्ड स्टील कापताना चिपच्या, म्हणजे कापून निघणाऱ्या पट्टीच्या, छेदाच्या दर चौरस मिलिमीटरला ढोबळमानाने २५०० न्यूटन जोर लागतो. अर्धा मिलिमीटर खोल कट आणि दर फेऱ्याला ०.१ मिलिमीटर फीड, म्हणजे टूल सरकण्याचे अंतर, घेतला, तर छेद ०.०५ चौरस मिलिमीटर होतो आणि टूलवर सुमारे १२५ न्यूटन, म्हणजे साधारण तेरा किलोचा भार येतो. मिनिटाला २५ मीटर वेग धरल्यास यासाठी पन्नास-बावन्न वॅट पुरतात. आता कारखान्यातील कार्बाइड, म्हणजे टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण पदार्थाच्या, टूलसाठी सहज घेतला जाणारा कट पाहा: दीड मिलिमीटर खोली, ०.२५ फीड आणि मिनिटाला १२० मीटर वेग. भार जवळजवळ पंचाण्णव किलोवर जातो आणि टूलच्या टोकाशीच सुमारे १९०० वॅट लागतात. आपली मोटर साडेपाचशे वॅटची असेल, तर पुढचे सांगायला नको.

आधी लेथची मापे घ्या

दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात. पहिली म्हणजे टूल पोस्टमध्ये टूल जिथे बसते त्या तळापासून स्पिंडलच्या मध्यरेषेपर्यंतची उंची. ती मोजण्यासाठी टेलस्टॉकमध्ये, म्हणजे स्पिंडलच्या समोरच्या आधारात, टोकदार सेंटर बसवावे, टूल पोस्ट त्याच्या टोकाजवळ आणावा आणि तळापासून टोकापर्यंतचे अंतर व्हर्नियरच्या मागच्या काडीने किंवा चांगल्या पट्टीने घ्यावे. हे माप १० मिलिमीटर आले, तर १० मिलिमीटरपेक्षा जाड शँकचे, म्हणजे दांड्याचे, साधे टूल त्या लेथवर बसणारच नाही, कारण पॅकिंग घालून टूल उचलता येते, पण खाली नेता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे स्पिंडलचे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त फेरे, आणि तिसरी म्हणजे मोटरचे वॅट.

हे मी आग्रहाने सांगतो आहे, कारण माझ्या पहिल्या लेथबरोबर मी ही मापे न घेताच विडियाच्या, म्हणजे कार्बाइडचे टोक जोडलेल्या, अकरा टूल्सचा स्वस्त संच विकत घेतला होता. त्यांचे शँक १२ मिलिमीटरचे होते आणि माझ्या लेथवर त्यांची टोके मध्यरेषेच्या दोन मिलिमीटर वर येत होती. टूल जॉबला टेकले की ते न कापता घासू लागे. टोके भिंगाखाली पाहिली, तेव्हा कळले की त्यांना धार लावलेलीच नव्हती. ब्रेझिंग करून, म्हणजे पितळेने जोडून, वरवर घासून आणि रंग देऊन ती डब्यात भरली होती. दोन महिने मी लेथलाच दोष देत राहिलो.

हायस्पीड, विडिया आणि इन्सर्ट

टूलचे तीन प्रकार आपल्यासमोर येतात. पहिला हायस्पीड स्टीलचा, म्हणजे एचएसएसचा चौकोनी टूल बिट, ज्याला आपण स्वतः आकार द्यायचा असतो. दुसरा लोखंडी शँकवर कार्बाइडची चकती पितळेने जोडलेला, ज्याला आपल्याकडे सर्रास विडिया टूल म्हणतात. तिसरा होल्डरवर स्क्रूने बसणारा, एक धार बोथट झाली की फिरवून दुसरी वापरता येणारा कार्बाइड इन्सर्ट.

विडिया हे मुळात जर्मनीतील क्रुप कंपनीने १९२६ च्या सुमारास बाजारात आणलेल्या टंगस्टन कार्बाइडचे व्यापारी नाव आहे. ‘हिऱ्यासारखा’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दांवरून ते घडले आणि आपल्या वर्कशॉपमध्ये ते सगळ्याच कार्बाइडचे नाव होऊन बसले. एचएसएस त्याहून जुने आहे. फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात अशा पोलादाचे टूल चालवून दाखवले, तेव्हा टोक तापून लालसर झाले तरी ते कापत राहिले. साध्या कार्बन स्टीलचे टूल अडीचशे अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते, तर एचएसएस सुमारे सहाशे अंशांपर्यंत आपला कठीणपणा राखते. घरच्या लेथवर आपण त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही.

कार्बाइड याहून पुष्कळ जास्त उष्णता सोसते आणि म्हणून तीन ते पाच पट वेगाने चालते. परंतु ते ठिसूळ आहे. कट तुटक असेल, म्हणजे षट्कोनी किंवा चौकोनी सळई गोल करताना टूल दर फेऱ्याला आपटत असेल, जॉब थरथरत असेल, किंवा टूल कटात असतानाच लेथ बंद पडला, तर कार्बाइडची कड टवका उडून जाते. एचएसएस असे धक्के पचवते. शिवाय त्याला वस्तऱ्यासारखी धार लावता येते आणि ती धारच कापण्याचा जोर कमी करते. या कारणांमुळे पहिले टूल एचएसएसचेच असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रेझ केलेले विडिया टूल नवशिक्याने निदान पहिले वर्षभर घेऊ नये. ते ग्राइंडरवरच्या नेहमीच्या करड्या किंवा पांढऱ्या दगडावर घासले जात नाही. त्याला हिरवा सिलिकॉन कार्बाइडचा दगड किंवा डायमंड व्हील लागते, आणि तापलेले टोक पाण्यात बुडवले तर कार्बाइडला चीर जाते.

टूल बिट घेताना

टूल बिटची मापे अजूनही इंचात आणि बोलण्यात सुतात चालतात. दोन सूत म्हणजे पाव इंच, अडीच सूत म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर आणि तीन सूत म्हणजे साडेनऊ. छोट्या टेबल लेथला अडीच सुताचा बिट उत्तम. जुना राजकोटी किंवा बटाल्याचा साडेचार-सहा फुटी लेथ असेल, तर तीन किंवा चार सुताचा घ्यावा. साधा एम२ दर्जाचा बिट पुरेसा आहे. त्यात सुमारे ६ टक्के टंगस्टन आणि ५ टक्के मॉलिब्डेनम असते. एम३५ मध्ये साधारण ५ टक्के, तर टी४२ मध्ये १० टक्के कोबाल्ट असते. ते बिट जास्त उष्णता सोसतात, पण घासायला चिवट आणि किमतीला महाग पडतात. स्टेनलेस स्टीलचे काम नेहमी असेल तरच त्यांचा विचार करावा.

मुंबईत नागदेवीच्या गल्ल्यांत किंवा पुण्यात भोसरीकडच्या टूल्सच्या दुकानांत चांगल्या कंपनीचे बिट सुटे मिळतात. चार बिट घ्यावेत, संच घेऊ नये. बिटच्या दोन्ही टोकांना धार लावता येते, त्यामुळे चार बिटांत आठ टूल्स होतात. जुन्या बाजारात कारखान्यातून निघालेले वापरलेले बिटही मिळतात आणि ते बरेचदा उत्तम असतात; मात्र त्यावरचा शिक्का वाचता आला पाहिजे. शिक्का नसलेला तुकडा कानशीने घासून पाहावा. कानस चावली तर तो हायस्पीड नाही.

पहिले टूल स्वतः घासा

सर्वांत आधी उजवे टर्निंग टूल करावे. ते उजवीकडून डावीकडे, म्हणजे जॉब पकडणाऱ्या चककडे सरकत कापते, आणि त्याची मुख्य धार डाव्या बाजूला असते. याच टूलने फेसिंगही, म्हणजे जॉबचे टोक सपाट करण्याचे कामही, करता येईल असा आकार दिला, तर सुरुवातीचे ऐंशी टक्के काम त्यावर निभावते.

महागडा बिट दगडाला लावण्यापूर्वी त्याच मापाच्या चौकोनी ब्राइट बारच्या, म्हणजे गुळगुळीत पोलादी सळईच्या, दोन तुकड्यांवर हात बसवावा. ग्राइंडरचा टूल रेस्ट दगडापासून तीन मिलिमीटरपेक्षा लांब नसावा, डोळ्यांवर गॉगल असावा आणि हातात मोजे नसावेत. हाच नियम लेथवरही पाळावा, कारण फिरत्या जॉबमध्ये अडकलेला मोजा हात सोडत नाही. दगडाच्या चपट्या बाजूवर घासू नये आणि ॲल्युमिनियम किंवा पितळ त्या दगडाला कधीच लावू नये, कारण मऊ धातूने त्याची भोके बुजतात.

आता बिटची डावी बाजू दगडाला लावावी. बिट असा कलवावा की त्याची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त घासली जाईल आणि सुमारे १० अंशांचा क्लिअरन्स, म्हणजे टूल जॉबला घासू नये म्हणून सोडलेला तिरकेपणा, तयार होईल. घासलेला चकचकीत पट्टा आधी खालच्या कडेला दिसतो आणि हळूहळू वर चढतो. तो वरच्या कडेला पोचला की ठिणग्या बिटच्या वरच्या पृष्ठभागावरून येऊ लागतात. ती खूण दिसली की थांबावे, त्यापुढे घासणे म्हणजे बिट वाया घालवणे. मग पुढचे तोंड घ्यावे. त्यालाही खालच्या अंगाला ८ ते १० अंशांचा क्लिअरन्स द्यावा आणि शिवाय वरून पाहिल्यावर ते टोकापासून उजवीकडे मागे जाईल इतके, म्हणजे १० ते १५ अंश तिरके करावे, म्हणजे फेसिंगच्या वेळी फक्त टोकच जॉबला लागेल. वरून पाहता टोकाचा कोन ७५ ते ८० अंशांचा दिसला पाहिजे.

तिसरा पृष्ठभाग वरचा, म्हणजे रेकचा, ज्याच्या उतारावरून चिप सरकते. तो डाव्या धारेपासून उजवीकडे उतरता घासायचा असतो. माइल्ड स्टीलसाठी १२ ते १४ अंशांचा उतार बरोबर, ॲल्युमिनियमसाठी १५ ते २०, बिडासाठी ५ च्या आसपास. पितळेला मात्र उतार देऊच नये. पितळेवर तीक्ष्ण रेकचे टूल स्वतःच आत ओढले जाते आणि जॉब चकमधून हिसकला जाऊ शकतो, म्हणून पितळेसाठी वरचा पृष्ठभाग सपाट ठेवलेले वेगळे टोक राखून ठेवावे. रेक घासताना धार खाली जाऊ देऊ नये; ती गेली की मध्यरेषेची उंचीही गेली.

बिट हाताला चटका देऊ लागला की पाण्यात बुडवावा. थोडा निळसर रंग आला म्हणून एचएसएस खराब होत नाही, पण लालभडक करून एकदम पाण्यात टाकला तर त्याला बारीक चिरा पडतात. दगडावरचे काम झाले तरी टूल अजून तयार झालेले नसते. भिंगातून पाहिले तर धार करवतीसारखी दातेरी दिसते. ऑइलस्टोनवर दोन थेंब तेल टाकून तिन्ही पृष्ठभाग सपाट ठेवून ओढावेत आणि टोक अलगद डोलवत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी गोलाई द्यावी. धार अंगठ्याच्या नखावर अगदी हलकी टेकवून पाहावी. ती घसरली तर आणखी घासायचे, नखात रुतून थांबली तर टूल तयार झाले. ही पाच मिनिटे कोणी वाचवू नयेत. दगडावरून थेट लेथवर गेलेले आणि सहाणेवरून गेलेले टूल यांच्या फिनिशमध्ये जो फरक पडतो, तो नवशिक्यालाही उघड्या डोळ्यांनी दिसतो.

मध्यरेषेवर बसवणे

टूल कितीही चांगले असले तरी त्याचे टोक स्पिंडलच्या मध्यरेषेवर नसेल तर ते कापत नाही. टोक वर असेल तर पुढचा क्लिअरन्स कमी होऊन टूल घासते. खाली असेल तर रेक कमी होतो आणि फेसिंग करताना मधोमध एक बारीक खुंटी उरते. तपासण्याची सोपी रीत अशी: सहा इंची पातळ पट्टी उभी धरून ती गोल जॉब आणि टूलचे टोक यांच्यामध्ये अलगद दाबावी. पट्टी सरळ उभी राहिली तर उंची बरोबर. तिचे वरचे टोक आपल्याकडे झुकले तर टूल खाली आहे, पलीकडे झुकले तर वर आहे. लेथ अर्थातच बंद असावा आणि दाब हलका असावा, नाहीतर धार पट्टीवरच मोडते. पॅकिंगसाठी फीलर गेजची जुनी पाती किंवा पत्र्याच्या पट्ट्या टूलच्या पूर्ण लांबीखाली येतील अशा ठेवाव्यात. शेवटचा निवाडा फेसिंगच करते, म्हणून मधली खुंटी पूर्ण नाहीशी होईपर्यंत पॅकिंग बदलत राहावे. टूल पोस्टबाहेर टूल शक्य तेवढे कमी काढावे.

उंची पटकन बदलता येणारा क्विक चेंज टूल पोस्ट सोयीचा असतो, पण तो पहिल्याच दिवशी लागत नाही.

वेग आणि पहिला कट

एचएसएससाठी माइल्ड स्टीलला मिनिटाला २५ ते ३० मीटर, बिडाला १८ ते २५, स्टेनलेसला १५ ते २०, पितळेला ४५ ते ६० आणि ॲल्युमिनियमला ६० ते १०० मीटर वेग धरावा. फेरे काढण्यासाठी वेगाला ३१८ ने गुणून मिलिमीटरमधील व्यासाने भागावे. २० मिलिमीटरच्या माइल्ड स्टीलला २५ मीटर वेगाने सुमारे ४०० फेरे येतात. कार्बाइडला त्याच जॉबवर १२० मीटर द्यायचे, तर १९०० फेरे लागतात, आणि तेवढ्या फेऱ्यांना पुष्कळ छोटे लेथ हादरू लागतात.

सरावासाठी ईएन१ए या पोलादाचा लेडेड, म्हणजे शिसे मिसळलेला, ब्राइट बार आणावा; तो लोण्यासारखा कापला जातो. घरी पडलेली बांधकामाची सळई घेऊ नये, कारण तिचा वरचा थर कठीण असतो, आतला मऊ असतो आणि तिच्यावर चांगले फिनिश मिळणे अवघड असते. अर्धा मिलिमीटर खोल कट घ्यावा आणि व्यास एक मिलिमीटरने कमी होईल हे लक्षात ठेवावे. एचएसएसची चिप चांदीसारखी किंवा फार तर फिकट पिवळी निघावी. निळी निघाली तर वेग कमी करावा. लेथ चरचरू लागला तर फेरे कमी करावेत आणि फीड थोडा वाढवावा. घाबरून फीड कमी केला तर टूल कापायचे सोडून घासू लागते आणि चरचर वाढते.

पुढची टूल्स

पार्टिंग टूल, म्हणजे जॉब कापून वेगळा करणारे टूल, दुसऱ्या क्रमांकावर येते आणि नवशिक्याला सर्वांत जास्त तेच रडवते. दोन ते अडीच मिलिमीटर रुंदीचे एचएसएस पाते होल्डरसकट घ्यावे, कारण अखंड बिटमधून घासलेले पार्टिंग टूल सुरुवातीला नीट साधत नाही. पाते जॉबला काटकोनात आणि नेमके मध्यरेषेवर असावे, जॉबच्या त्रिज्येपेक्षा दोन-तीन मिलिमीटरच जास्त बाहेर काढावे, टूल पोस्ट वाहून नेणारे कॅरेज लॉक करावे, फेरे टर्निंगच्या निम्मे ठेवावेत आणि स्टीलवर कटिंग ऑइल सतत द्यावे. कट चकच्या अगदी जवळ घ्यावा.

बोरिंग बार, म्हणजे भोक आतून मोठे करणारे टूल, निवडताना भोकात मावेल तेवढा जाड आणि काम होईल तेवढा आखूड, एवढेच पाहावे. बारचे वाकणे बाहेर काढलेल्या लांबीच्या घनाने वाढते आणि जाडीच्या चौथ्या घाताने कमी होते. म्हणजे लांबी दुप्पट केली की वाकणे आठपट, पण जाडी दुप्पट केली की सोळाव्या हिश्श्यावर. स्टीलचा बार जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढू नये.

आटे पाडण्यासाठी मेट्रिक आट्यांना ६० अंशांचे टोक लागते. नळकामाचे बीएसपी आटे मात्र ५५ अंशांचे असतात, म्हणून त्यासाठी बिटचे वेगळे टोक घासावे आणि सेंटर गेजवर, म्हणजे टोकाचा कोन तपासायच्या पट्टीवर, उजेडासमोर धरून तपासावे.

इन्सर्टकडे केव्हा वळावे

हात बसल्यावर इन्सर्टचा होल्डर जरूर घ्यावा. एकाच मापाचे दहा-वीस नग करायचे असतील, किंवा वरचा थर कठीण असलेला जॉब आला, तर त्याला तोड नाही. त्यावरची अक्षरे वाचता आली पाहिजेत. सीसीएमटी ०६०२०४ मध्ये पहिला ‘सी’ म्हणजे ८० अंशांचा समभुज आकार, दुसरा ‘सी’ म्हणजे ७ अंशांचा क्लिअरन्स, ०६ म्हणजे कडेची लांबी सुमारे ६ मिलिमीटर, ०२ म्हणजे जाडी २.३८ मिलिमीटर आणि ०४ म्हणजे टोकाची गोलाई ०.४ मिलिमीटर. दुसरे अक्षर सर्वांत महत्त्वाचे आहे. तिथे ‘एन’ असेल, जसे सीएनएमजीमध्ये असते, तर क्लिअरन्स शून्य असतो. असा इन्सर्ट होल्डरमध्ये खाली कलवून बसवतात, आणि त्याला लागणारा जोर छोट्या लेथला झेपत नाही. दुकानदार तो स्वस्तात देऊ करतात, तरी घेऊ नये.

१० मिलिमीटर शँकचा उजवा एससीएलसीआर होल्डर आणि ०.२ किंवा ०.४ गोलाईचे सीसीएमटी ०६ इन्सर्ट, एवढ्यावर सुरुवात होते. मोठ्या गोलाईने फिनिश चांगले येते असे वाचायला मिळते, पण छोट्या लेथवर मोठी गोलाई टूलला मागे ढकलते आणि चरचर आणते. कारखान्यासाठीच्या इन्सर्टची कड टिकाऊपणासाठी मुद्दाम किंचित बोथट ठेवलेली असते, त्यामुळे ०.०५ मिलिमीटरचा कट घ्यायला गेलात तर तो कापत नाही, नुसता दाबतो. ॲल्युमिनियमसाठी बनवलेला, कोटिंग नसलेला, घासून चकचकीत केलेला सीसीजीटी इन्सर्ट खरोखर तीक्ष्ण असतो आणि स्टीलवरही हलके कट सुरेख घेतो; त्याची कड लवकर जाते, पण घरच्या कामाला ते चालते. कार्बाइडवर तेल किंवा कूलंट ब्रशने थोडे थोडे लावू नये. एकतर कोरडे चालवावे किंवा धार सतत सोडावी, कारण तापणे आणि थंड होणे यांच्या चक्रात कडेला भेगा पडतात.

एचएसएस टूल बोथट झाल्याची पहिली खूण आवाजात येते आणि दुसरी फिनिशमध्ये: चकाकीऐवजी ओरखडल्यासारखा पांढुरका पट्टा दिसू लागतो. तेव्हा लगेच ग्राइंडरकडे जाऊ नये. टूल काढून ऑइलस्टोनवर आठ-दहा वेळा ओढावे, नखावर तपासावे आणि त्याच पॅकिंगवर परत बसवावे. प्रत्येक बिटसोबत त्याच्या पॅकिंगच्या पट्ट्या रबराने बांधून आणि त्यावर धातूचे नाव लिहून ठेवले, तर पुढच्या वेळी हे काम दोन मिनिटांत होते.